पाच जनुकांचा चांदिपुरा: विषाणू बनतो कसा आणि वाढतो कसा

रामटेकचा_मास्तर (धागाकर्ता)

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, विषाणू खातो काय?" म्हटलं, काहीच खात नाही. "मग वाढतो कसा?" म्हटलं, वाढतही नाही. ती गप्प बसली, पण तिला पटलेलं नव्हतं हे दिसत होतं. तेवढ्यात तास संपला. तो अर्धा राहिलेला तास इथे पूर्ण करतो.

उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं घेतो. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ सुरू असताना दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने) एक नवा विषाणू वेगळा केला आणि त्याला चांदिपुरा गावाचं नाव दिलं. पुढे बरीच वर्षं त्याची फारशी चर्चा झाली नाही. मग २००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ दगावली, आणि तपासात हेच नाव पुढे आलं. २०२४ मध्ये गुजरात आणि आसपासच्या भागांतून तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले. त्यांतल्या ६४ जणांत चांदिपुराची खात्री झाली. एवढं सगळं करणाऱ्या या वस्तूकडे जनुकं किती, तर पाच.

आतून बाहेर येऊ. मधोमध आरएनएचा, म्हणजे जनुकं ज्यावर लिहिलेली असतात त्या रेणूचा, एकेरी धागा, सुमारे ११,००० अक्षरांचा. छापील पुस्तकाची पाच-सहा पानं भरतील एवढाच मजकूर. पण हा धागा कधीच उघडा नसतो. त्यावर एन नावाचं प्रथिन ओळीने बसलेलं असतं. याच कुळातला, गुराघोड्यांच्या तोंडात फोड आणणारा व्हेसिक्युलर स्टोमाटायटिस विषाणू (पुढे व्हीएसव्ही म्हणतो) बारकाईने अभ्यासलेला आहे. त्यात एनचा एक रेणू नऊ अक्षरं झाकतो. ११,००० ला ९ ने भागा. एका विषाणूला एनचे बाराशेच्या वर रेणू लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एनने मढवलेला धागा स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो. त्याला चिकटून पी आणि एल ही दोन प्रथिनं. बाहेरून एम प्रथिनाचं अस्तर, त्यावर मेदाचं पातळ आवरण, आणि आवरणातून बाहेर डोकावणारे जी प्रथिनाचे काटे. हे मेदाचं आवरण विषाणूचं स्वतःचं नसतं, ज्या पेशीतून तो निघाला तिच्या पटलाचा तो तुकडा असतो. आकार बंदुकीच्या गोळीसारखा, एक टोक गोल, दुसरं सपाट. लांबी साधारण १५० ते १६५ नॅनोमीटर. एका मिलिमीटरच्या रेषेत असे सहा हजार बसतील. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसणार नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

आता याच्याकडे काय नाही ते बघा. रायबोसोम नाही, म्हणजे प्रथिन बनवता येत नाही. मायटोकॉन्ड्रिया नाही, ऊर्जा नाही. श्वास नाही, पचन नाही. पेशीबाहेर तो नुसता पडून असतो.

पेशीला जी प्रथिन चिकटलं की पेशी त्याला पिशवीत घेऊन आत ओढते, जशी ती बाहेरच्या कितीतरी गोष्टी ओढते. ही पिशवी आत सरकताना आंबट होत जाते. त्या आम्लाने जी प्रथिन आपला आकार बदलतं, विषाणूचं आवरण पिशवीच्या पटलाशी एकजीव होतं आणि आतली स्प्रिंग पेशीद्रवात मोकळी होते. आवरण मागे राहिलं, काटे मागे राहिले, अस्तर सुटलं. या क्षणी ती पेशी फोडून शोधलंत तर एकही विषाणू सापडणार नाही. माझ्या मते विषाणूबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, आणि पाठ्यपुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असते. जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार होतो आणि प्रत्येक पायरीला तो जिवाणूच असतो. विषाणू मात्र आधी सुटा होतो. उरतो तो मजकूर.

आणि इथे चांदिपुराची अडचण सुरू होते. त्याचा आरएनए उलटा आहे. रबरी शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात आणि कागदावर उमटवल्यावरच वाचता येतात, तसा. आपले रायबोसोम हा धागा वाचू शकत नाहीत, आधी त्याची सुलटी नक्कल हवी. आरएनएवरून अशा लांब आरएनएच्या नकला काढायचं यंत्र आपल्या पेशीत तयार नसतं. म्हणून विषाणू ते यंत्र स्वतः बरोबर आणतो: एल प्रथिन, जोडीला पी. व्हीएसव्हीच्या कणात असं यंत्र असतं हे डेव्हिड बाल्टिमोर, ॲलिस हुआंग आणि मार्था स्टॅम्फर यांनी १९७० मध्ये दाखवलं.

नक्कल धाग्याच्या एकाच टोकाकडून सुरू होते, मधूनच नाही. जनुकांचा क्रम ठरलेला: एन, पी, एम, जी, एल. एक जनुक संपलं की यंत्र क्षणभर थांबतं आणि पुढचं सुरू करतं. दर थांब्यावर काही यंत्रं धाग्यावरून सुटून जातात. त्यामुळे एनच्या नकला सर्वाधिक, पीच्या त्याहून कमी, आणि एलच्या सगळ्यात कमी.

आता तो आकडा आठवा. एका कणाला एन लागतात बाराशेच्या वर. व्हीएसव्हीच्या एका कणात एल असतात पन्नासच्या आसपास. जे जास्त लागतं ते जनुक रांगेत पहिलं, जे कमी लागतं ते शेवटचं. किती बनवायचं हे सांगायला वेगळा कारभारी नाही. नुसत्या क्रमाने हिशेब जुळतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

एन पुरेसं साठलं की ते नव्याने बनणाऱ्या आरएनएला लगेच मढवू लागतं. मग यंत्र थांब्यांवर न थांबता सलग ११,००० अक्षरांची सुलटी प्रत काढतं, आणि तिच्यावरून पुन्हा उलट्या प्रती. नव्या कणांत जातात त्या या उलट्या प्रती. एम त्यांना गोळा करून पेशीच्या पटलाखाली आणतं, तिथे जीचे काटे आधीच रोवलेले असतात. पटलाला कोंब फुटावा तसा फुगवटा येतो, लांबतो, तुटतो. कण बाहेर. काही तासांत एका पेशीतून हजारो.

त्या मुलीला आता मी सांगेन की विषाणू वाढत नाही, तो जुळवला जातो. सुट्या भागांतून, पूर्ण आकाराचा, एकदम.

---

निशिगंधा_पुणे

सर, वाचनखूण साठवली. एक शंका. आधी तुम्ही म्हणता याच्याकडे काहीच यंत्रणा नाही, आणि पुढे म्हणता एल नावाचं यंत्र घेऊन येतो. मग नक्की काय?

---

रामटेकचा_मास्तर

बरोबर पकडलंत, मीच नीट मांडलं नाही. प्रथिनं बनवायची यंत्रणा आणि ऊर्जा कुठल्याच विषाणूकडे नसते. मजकुराच्या नकला काढायचं यंत्र काहींकडे असतं, काहींकडे नसतं. उलट्या आरएनएच्या विषाणूंना ते बरोबर बाळगावंच लागतं. पोलिओचा आरएनए सुलटा असतो. पेशीत शिरला की रायबोसोम तो थेट वाचतात आणि नक्कल-यंत्र तिथेच तयार होतं. त्यामुळे पोलिओचा नुसता शुद्ध आरएनए पेशीत सोडला तरी नवे विषाणू बनतात. चांदिपुरासारख्यांचा नुसता आरएनए सोडला तर काहीच घडत नाही.

---

आरोग्यसेविका_चंद्रपूर

मास्तर, लेख आवडला. आम्ही गावात हे दुसऱ्या टोकाने बघतो म्हणून लिहिते.

हा विषाणू पसरवते ती सँडफ्लाय, वाळूमाशी. डासाहून बरीच लहान, दोन-तीन मिलिमीटरची. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आत येते. राहते मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओल्या कोपऱ्यात. उडते कमी, टुणटुण उड्या मारत जाते. आम्ही लोकांना सांगतो भेगा लिंपून घ्या, शेण-कचरा घरापासून लांब ठेवा, लेकरांना संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पावसाळ्यात लहान मुलाला एकाएकी जोराचा ताप, उलट्या आणि झटके आले तर रात्र काढायची नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं. काही मुलं एक-दोन दिवसांतच हाताबाहेर जातात.

एका गावात एका आईने झटके आलेल्या मुलाला आधी दोन दिवस घरातल्या उरलेल्या ॲन्टिबायोटिकच्या गोळ्या कुटून दिल्या होत्या. मागच्या वेळी दुसऱ्या लेकराला त्यानेच बरं वाटलं होतं म्हणून. तिला दोष देता येत नाही. पण त्या गोळ्या इथे का चालत नाहीत हे तिला कळेल असं सांगायला मला तेव्हा शब्द सुचले नव्हते.

---

रामटेकचा_मास्तर

ताई, मूल कसं आहे?

शब्दांचं म्हणाल तर माझा प्रयत्न असा. ॲन्टिबायोटिक म्हणजे जिवाणूच्या घरावर घाव. कोणतं औषध त्याची भिंत बांधू देत नाही, कोणतं त्याचे रायबोसोम बंद पाडतं. विषाणूला भिंत नाही, रायबोसोम नाहीत. तो आपल्याच पेशीच्या स्वयंपाकघरात आपल्याच भांड्यांत रांधतो. ती भांडी फोडायची तर आपलीच पेशी मरते. विषाणूवर औषध करायचं तर जे फक्त त्याचंच आहे असं काहीतरी शोधावं लागतं, जसं ते एल. चांदिपुराविरुद्ध नेमकं औषध किंवा लस आज उपलब्ध नाही. ताप उतरवणं, झटके थांबवणं, मेंदूची सूज आणि शरीरातलं पाणी सांभाळणं हाच उपचार, आणि म्हणूनच तुम्ही म्हणता तसा वेळ मोलाचा.

---

आरोग्यसेविका_चंद्रपूर

मूल वाचलं. शाळेत जातं. भांड्यांचं उदाहरण उद्याच्या बैठकीत वापरते.

---

शहाद्याचा_शेतकरी

नमस्कार सर. माझा प्रश्न माणसांच्या विषाणूचा नाही, विषय सोडून असेल तर माफ करा. माझी साडेतीन एकर पपई आहे. पानं आकसतात, पिवळी-हिरवी नक्षी पडते, फळावर गोल गोल वळ उठतात. दुकानदार दर आठ दिवसांनी नवी बाटली देतो. बुरशीनाशक झालं, जिवाणूनाशक झालं, टॉनिकही झालं. वरचं वाचून वाटतं की पैसे पाण्यात गेले. खरं आहे का?

---

पीकरोग_राहुरी

दादा, विषय सोडून मुळीच नाही. मी वनस्पतिरोगशास्त्र शिकले आहे म्हणून मध्ये बोलते. झाड प्रत्यक्ष बघितल्याशिवाय खात्रीने सांगणं बरं नाही, पण लक्षणं पपईच्या रिंगस्पॉट विषाणूची वाटतात.

हा कण वाकड्या दोऱ्यासारखा असतो. लांबी साधारण ८०० नॅनोमीटर, जाडी १२. मेदाचं आवरण नाही, नुसता आरएनए आणि त्यावर एकाच प्रथिनाच्या दोनेक हजार प्रती. याचा आरएनए सुलटा, १०,००० अक्षरांहून थोडा मोठा, म्हणजे चांदिपुराच्या आसपासच. पण हिशेबाची रीत अगदी वेगळी. रायबोसोम तो वाचताना जवळपास सगळं एकाच लांबलचक प्रथिनात विणतात आणि मग विषाणूचीच कात्रीसारखी प्रथिनं त्याचे तुकडे करतात. यात कोणतं जास्त, कोणतं कमी असं नाही, सगळी प्रथिनं सारख्याच संख्येने बनतात. आवरणाचं प्रथिन दोन हजार हवं तर नक्कल-यंत्रही तेवढंच बनून बसतं. मास्तरांनी सांगितलेली क्रमाची युक्ती किती काटकसरीची आहे ते यावरून कळतं.

तुमच्या कामाचं आता सांगते. लागण झालेलं झाड कोणत्याही फवारणीने बरं होत नाही. बुरशीनाशकाचा याच्याशी काही संबंध नाही. विषाणू पसरवतो मावा. तो रोगट पानात सोंड घालतो आणि पुढच्या झाडावर चाखायला बसतो, तेवढ्या काही सेकंद-मिनिटांत विषाणू पोचलेला असतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत काम होऊन गेलेलं असतं. म्हणून रोपं कीटकरोधक जाळीत वाढवलेलीच घ्या, लागवडीआधी कडेने मक्याच्या दाट ओळी लावा म्हणजे येणारा मावा आधी मक्यात सोंड पुसेल, बांधावर काकडीवर्गीय वेल ठेवू नका, आणि पहिली रोगट झाडं दिसताच जीव न अडकवता उपटून शेताबाहेर नष्ट करा.

हवाई बेटांवर याच रोगाने पपईच्या बागा संपत आल्या होत्या. तिथे विषाणूच्याच आवरण-प्रथिनाचं जनुक झाडात घालून रोगाला दाद न देणारी वाणं तयार केली आणि १९९८ पासून लावली. ती तिथल्या विषाणूला जुळवून केलेली आहेत.

---

शहाद्याचा_शेतकरी

ताई, फार उपकार झाले. मक्याचं आधी कोणी सांगितलं नाही. पुढच्या लागवडीला करतो. रोगट झाडं आजच काढायला घेतली, फळ धरलेली होती तरी.

---

देवदत्त_सांगली

मास्तर, लेख उत्तम, पण एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. तुमच्या लिहिण्यातून विषाणू म्हणजे निर्जीव वस्तू असं ध्वनित होतं. स्वतःच्या प्रती काढतो, बदलतो, निवड होऊन टिकतो, त्याला निर्जीव कसं म्हणायचं?

---

अनिकेत_हायडेलबर्ग

या वादात थोडी भर घालतो. मी इथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करतो.

१९३५ मध्ये वेन्डेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या मोझॅक विषाणूचे स्फटिक केले. मिठाचे व्हावेत तसे स्फटिक, आणि ते पाण्यात विरघळवून पानावर चोळले की पुन्हा रोग. लोक हादरले होते. १९५५ मध्ये फ्रँकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी त्याच विषाणूचा आरएनए आणि प्रथिन वेगळे केले, पुन्हा एकत्र केले, आणि नळीत आपोआप ३०० नॅनोमीटरच्या काठ्या जुळून आल्या, रोग देणाऱ्या. "जुळवला जातो" याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

मास्तरांनी घेतलेल्या कुळाबाबत हे कितीतरी उशिरा जमलं. १९९४ मध्ये जर्मनीतल्या गटाने रेबीजचा विषाणू त्याच्या मजकुराच्या डीएनए प्रतीपासून पेशीत उभा केला. पण नुसता मजकूर देऊन भागलं नाही, एन, पी आणि एल ही तीन प्रथिनं पेशीला वेगळी पुरवावी लागली. मजकूर अधिक ते यंत्र, हाच कमीत कमी संच.

देवदत्त, पेशीबाहेरचा कण बघून मी निर्जीव म्हणेन. पण लागण झालेली पेशी रोज पडद्यावर बघतो तेव्हा हा शब्द तोंडातून निघत नाही.

---

देवदत्त_सांगली

म्हणजे कण हा विषाणू नव्हेच, लागण झालेली पेशी हा विषाणू, असं? बी आणि झाड यांच्यासारखं?

---

अनिकेत_हायडेलबर्ग

असं मानणारे शास्त्रज्ञ आहेत. मला त्यात तथ्य वाटतं. बियाची उपमा मात्र पुरती लागू होत नाही. बी स्वतःच झाड होतं, कण मात्र मोडून जातो.

---

निशिगंधा_पुणे

रेबीजचा उल्लेख आला म्हणून विचारते. तो याच कुळातला? आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात एका मुलाला कुत्रा चावला, तर जखमेवर हळद आणि चुना लावून बसले होते.

---

रामटेकचा_मास्तर

चुलतभाऊच. तीच गोळीसारखी आकृती, तीच पाच जनुकं, तोच क्रम. आणि रचना माहीत असण्याचा उपयोग नेमका इथे होतो. याच्या आवरणातही मेद आहे. साबण मेदाला फोडतो, तव्यावरच्या तेलाला फोडतो तसाच. आवरण फुटलं की जीचे काटे विखुरतात आणि कण पेशीत शिरू शकत नाही. म्हणून चावा बसला की वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट काही नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. जखमेनुसार इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करायचे, मधला एकही सोडायचा नाही. रेबीज नसांच्या वाटेने मेंदूकडे बहुधा हळू जातो. त्या वेळात लशीला काम करता येतं. एकदा लक्षणं दिसली की जवळपास कोणीच वाचत नाही. त्या मुलाने लस घेतली आहे ना, हे कृपया आजच विचारा.

---

निशिगंधा_पुणे

विचारलं. दोन घेतल्या होत्या, तिसरी राहिली होती. त्याची आई आत्ता त्याला घेऊन गेली.

---

अकरावी_ब

सर, तो प्रश्न विचारणारी मीच. धागा आईच्या मोबाईलवर दोनदा वाचला. आता पटलं. पण अजून एक विचारू का? जनुकांच्या क्रमानेच सगळा हिशेब होतो म्हणता, तर कोणी क्रम बदलून बघितला आहे का? एनला मागे टाकलं तर काय होईल?

---

रामटेकचा_मास्तर

बाळ, हा प्रश्न तू वर्गात विचारला असतास तर मी तास पुढे वाढवला असता.

बघितला आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत गेल वर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीएसव्हीमध्ये नेमकं हेच केलं. एनचं जनुक पहिल्या जागेवरून उचलून दुसऱ्या, तिसऱ्या, मग चौथ्या जागी ठेवलं. मजकुरातलं एकही जनुक काढलं नाही, नवं घातलं नाही, फक्त रांग बदलली. एन जितकं मागे गेलं तितकं ते कमी बनलं. एन कमी म्हणून नव्या प्रती मढवायला माल अपुरा, म्हणून प्रतीही कमी, आणि उंदरांना तो विषाणू पायरीपायरीने कमी घातक ठरत गेला. तरी त्यातून उंदरांना पुढच्या संसर्गापासून संरक्षण मिळालं, त्यामुळे लस करण्याची ही एक वाट असू शकते असं त्यांनी मांडलं.

उद्या तासाला फळ्यावर पाच चौकोन काढून ठेव. क्रम तू लाव, प्रत्येकाच्या किती नकला निघतील ते आपण सगळे मिळून मोजू.